आधी चालू प्लगात लावून पाहा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मैत्रिणीने माझी ओळख फारच मोठी करून दिली. आमच्या घरी माझी ओळख अजूनही ‘ती पुण्याला कॉम्प्युटरवर काहीतरी करते’ एवढीच आहे, आणि ती बरीचशी खरी आहे. आपण दहावीची परीक्षा दिली तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ ला. त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा अकोला आहे आणि आधार कार्डावर वाशीम. पासपोर्ट काढताना हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला होता. तुमच्यापैकी अनेकांचं तेच झालं असेल.

समितीने मला ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’वर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. कारण जेवणाच्या वेळी कानावर आलं की या वर्षीच्या वर्गणीतून शाळेला आणि गावाला वायू मोजणारं यंत्र भेट द्यायचं घाटत आहे. विहिरीत, टाक्यात उतरण्याआधी हवा तपासायचं यंत्र. कल्पना चांगली आहे. पण त्या यंत्राच्या पोटात काय असतं, ते कसं हाताळायचं आणि ते कधी खोटं बोलतं, हे सांगितल्याशिवाय मला गप्प बसवलं नाही. गेली पंधरा वर्षं माझं काम याच यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिण्याचं आहे. आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही आज सांगणार आहे.

आधी आपल्या प्रयोगशाळेची आठवण. तो लांब, अंधारा हॉल, खिडकीजवळचं सागवानी कपाट आणि त्याला लावलेलं कुलूप. चावी बाईंच्या कमरेला. कपाटात वरच्या खणात तपकिरी बाटल्या आणि त्यांवर चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईने लिहिलेलं ‘गंधकाम्ल’. बाई आज समोर बसल्या आहेत म्हणून सांगते. आठवीत तुम्ही आमच्याकडून एक वाक्य म्हणून घेतलं होतं: पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही. मागच्या बाकावरच्यांना ते दहा वेळा लिहायला लावलं होतं. त्या मागच्या बाकावर मी होते. पुढे इंजिनिअरिंगला गेले, नोकरीला लागले, बरंच काही विसरले. ते वाक्य मात्र विसरले नाही.

आता मुद्द्यावर येते.

९ एप्रिल २०२४. त्या दिवशी गुढीपाडवा होता. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात वाकडी नावाचं गाव आहे. तिथल्या एका पडक्या विहिरीत शेणाचा रबडा साठवलेला होता. त्यात एक मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला. मग तिसरा. असे सहा जण उतरले आणि पाच गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्यांनी त्याला ओढून काढला. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२३ मध्ये, परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार गेले. तिथेही एकामागून एक. या बातम्या वाचताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसते. पहिला माणूस कामासाठी मरतो, बाकीचे मायेपोटी मरतात.

तिथे नेमकं काय घडतं? शेण, मैला, पालापाचोळा हवा न लागता कुजला की त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड निघतो. मिथेन हलका असतो, तो वर जातो. बाकीचे दोन हवेपेक्षा जड, ते तळाशी बसतात आणि तिथला ऑक्सिजन बाजूला सारतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो, आणि तो अगदी थोडा असला तरी येतो. पण दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास तो गेला की आपलं नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं, वायू निघून गेला. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. त्याच्या काही पट प्रमाण झालं की दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गाळ काढताना विहिरीच्या टप्प्यावर डिझेल इंजिन उतरवतात, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नाही आणि वासही नाही.

आपले आजोबा विहिरीत आधी कंदील सोडायचे. कंदील विझला की उतरायचं नाही. ते शहाणपणच होतं. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो सोळा-सतरा टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. पण कंदील फक्त ऑक्सिजनचं सांगतो. माणूस मारण्याइतका हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड असतानाही कंदील छान जळत राहतो. आणि मिथेन असेल तर कंदीलच भडका उडवतो. म्हणून यंत्र हवं.

हे यंत्र मुठीत मावेल एवढं असतं. त्यात साधारण चार सेन्सर असतात: ऑक्सिजनचा, पेट घेणाऱ्या वायूंचा, हायड्रोजन सल्फाइडचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा. यातले शेवटचे दोन म्हणजे एक प्रकारची छोटीशी बॅटरी. प्लास्टिकची गोल डबी, वर पांढरा पातळ पडदा. त्या पडद्यातून वायू आत जातो, पाणी जात नाही. आत प्लॅटिनमसारख्या धातूचा लेप असलेल्या पट्ट्या आणि त्या भिजत ठेवायला आम्ल. कुठलं आम्ल? बाईंच्या कपाटातलं तेच, गंधकाम्ल. वायू आत आला की पट्टीवर रासायनिक क्रिया होते आणि अगदी बारीक वीज वाहते. इतकी बारीक की ती नॅनोअँपिअरमध्ये मोजावी लागते. एक नॅनोअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा शंभर कोटीवा भाग. ती वीज वाचून तिचा आकडा पडद्यावर दाखवणं, हे माझ्यासारखीचं काम.

ते आम्ल किती? एका डबीत चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. पण जोर किती? साधारण आपल्या इन्व्हर्टरच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीत असतो तेवढा. ट्रॅक्टरच्या बॅटरीला आपण जपून हात लावतो, कारण ती मोठी आहे आणि तिच्यात ॲसिड आहे हे शेंबडं पोरही जाणतं. या डबीवर मात्र कुणाचा संशय जात नाही.

ऑक्सिजनचा सेन्सर आणखी वेगळा. बऱ्याच यंत्रांत त्याच्या आत शिसं असतं आणि आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारखा अल्क असतो. व्हेंटिलेटरमध्ये असाच ऑक्सिजन सेल असतो. त्यातलं शिसं हवेतल्या ऑक्सिजनबरोबर रोज थोडं थोडं संपत जातं, तुम्ही वापरा की नका वापरू. दोनेक वर्षांत सेल संपतो. अल्क हातावर आला की आधी आग होत नाही, साबण लागल्यासारखं बुळबुळीत वाटतं. ते साबणासारखं का वाटतं? कारण आपल्याच कातडीतल्या तेलाचा तो साबण करत असतो. दुखायला लागतं तोपर्यंत तो खोल गेलेला असतो. म्हणून डॉक्टर लोक अल्काला आम्लापेक्षा जास्त भितात, विशेषतः डोळ्यांत गेला तर.

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी दिवाळीत गावी येताना मी कंपनीत चाचणीसाठी वापरलेलं एक जुनं यंत्र रीतसर परवानगी घेऊन सोबत आणलं. आमच्या शेतातली विहीर जुनी, दगडी, पन्नासेक फूट. दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात तिचा गाळ काढावा लागतो. दादाला, म्हणजे मोठेबाबांच्या मुलाला, मी यंत्र दाखवलं. कुठलं बटण दाबायचं, दोरीला बांधून आधी खाली सोडायचं, दोन मिनिटं थांबायचं, आकडे पाहायचे. ऑक्सिजन २०.९ आणि बाकी तिन्ही शून्य असले तरच माणूस उतरवायचा. मी म्हटलं, ‘दादा, शून्य म्हणजे सेफ.’ हे वाक्य मी बोलले. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

यंत्र शेतातल्या कोठ्यात, टिनाच्या छपराखाली, खुंटीला टांगलेलं राहिलं. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि दुसरा उन्हाळा. आपल्याकडचा मे महिना मी तुम्हाला काय सांगू? पारा ४३-४४ वर आणि टिनाखाली त्याहून जास्त. हवा इतकी कोरडी की दोरीवरचं धोतर अर्ध्या तासात वाळतं. गंधकाम्लाचा स्वभाव असा की ते हवेतलं पाणी ओढतं आणि कोरड्या हवेला पाणी देतं. उन्हाळ्यात डबीतलं पाणी उडून आम्ल दाट होतं. पावसाळ्यात, आठ-आठ दिवस झड लागली की, ते पाणी पिऊन फुगतं. फुगता फुगता डबीत मावेनासं होतं आणि जिथे फट सापडेल तिथून बाहेर येतं. असे सेन्सर बनवणारे लिहून देतात की साधारण १५ ते ९० टक्के दमटपणा आणि ५० अंशांपर्यंत तापमान चालेल. आमचा कोठा दोन्ही बाजूंनी त्या हद्दीबाहेर होता. आणि हे मला माहीत होतं. मी इंजिनिअर आहे. फक्त पुण्यातल्या एसीच्या खोलीत बसून मला कोठ्याचं टिन आठवलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात गाळ काढायचं ठरलं. आदल्या दिवशी पाणी उपसायला डिझेल इंजिन विहिरीत टप्प्यावर ठेवून दिवसभर चालवलं होतं. सकाळी दोन मजूर आले. दादाने यंत्र सुरू केलं, दोरीला बांधून खाली सोडलं, वर काढलं. ऑक्सिजन बरोबर. बाकी सगळं शून्य. एक मजूर कमरेला दोर बांधायला लागला.

दादा दहावी नापास आहे, हे त्याच्या परवानगीने सांगते. पण तो गावात तीस वर्षं वायरमनची कामं करतो. तो म्हणाला, ‘थांब रे. टेस्टर आधी चालू प्लगात लावून पाह्यला लागते.’ वायरमनचा नियमच आहे तो. तार मेलेली आहे का हे पाहण्याआधी टेस्टर जिवंत आहे का ते पाहायचं. चालू प्लगात टेस्टरचा दिवा लागला, तरच त्याच्या न लागण्याला अर्थ. आता वायूचं यंत्र कुठल्या चालू प्लगात लावणार? त्याने कोठ्यातल्या देवापुढची अगरबत्ती उचलली, यंत्र एका रिकाम्या डब्यात ठेवलं, खाली अगरबत्ती धरली आणि डब्यात धूर कोंडला. अगरबत्ती धुमसते तेव्हा तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. आकडा वर जायला हवा होता, यंत्र ओरडायला हवं होतं. डबा धुराने भरला आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा शून्यच राहिला.

दादा म्हणाला, ‘हे मेलेलं हाय.’ त्या दिवशी कुणी उतरलं नाही.

त्या दिवशी विहिरीत वायू होता की नव्हता, हे कुणालाच माहीत नाही आणि आता कळणारही नाही. दुसऱ्या दिवशी फवारणीचा पॉवर ब्लोअर लावून, वरून हवा सोडून, वर चार माणसं दोर धरून बसवून काम झालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. दादाने यंत्र उघडलं. झाकण काढताच आत सर्किटवर पांढरट-हिरवट बुरशीसारखी खपली आणि एका कोपऱ्यात तेलकट ओल. त्याला वाटलं पावसाचं पाणी शिरलं. त्याने बोटाने पुसलं आणि बोट बंडीला. शेजारी माझा भाचा बसला होता, तेव्हा सातवीत. त्यानेही ती गोल डबी उचलून पाहिली, हातात फिरवली. थोड्या वेळाने त्याची बोटं चुरचुरायला लागली, आणि त्याच हाताने तो डोळा चोळणार, तेवढ्यात दादाचं लक्ष गेलं. त्याने पोराचे दोन्ही हात धरून थेट हौदावर नेलं आणि मोटारीच्या धारेखाली धरून ठेवले. पोरगं रडलं, ओरडलं, पण दादाने हात सोडले नाहीत. बोटांची वरची कातडी गेली, आठवड्यात भरून आली. डोळा वाचला. दादाच्या बंडीला काहीच झालेलं दिसलं नाही. वहिनीने दोन दिवसांनी ती धुतली तेव्हा तिच्यात पाच रुपयाच्या नाण्याएवढी तीन भोकं पडली. गंधकाम्ल उडून जात नाही. पाणी उडतं, आम्ल कापडात राहतं, दाट होतं आणि सुताला खात बसतं. भोक धुतल्यावर दिसतं.

दादाने मला फोन केला. त्यात राग नव्हता. म्हणाला, ‘तुझं यंत्र खराब झालं वाटते, आत पाणी गेलं.’ मी फोनवर थिजले. मला त्याच क्षणी कळलं होतं की ते पाणी नाही. आणि आणखी एक गोष्ट कळली होती, जी दादाला माहीत नव्हती.

त्या यंत्रात आकडा दाखवणारा सॉफ्टवेअरचा तुकडा मी लिहिलेला होता. सेन्सरची वीज कधी शून्याच्या थोडी वर, कधी थोडी खाली डुलते. पडद्यावर १, ०, उणे १, ० असं नाचलं की गिऱ्हाईक तक्रार करतं. म्हणून मी दोन ओळी लिहिल्या होत्या: शून्याच्या आसपास काही असेल तर शून्य दाखव, उणे असेल तरी शून्य दाखव. दिसायला सुबक. पण आम्ल गळून गेलेल्या, तुटलेल्या, मेलेल्या सेन्सरची वीजही शून्यच असते. स्वच्छ हवा आणि मेलेला सेन्सर यांच्यात जो थोडा फरक यंत्राला दिसत होता, तो मी स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता. ‘हवा शुद्ध आहे’ आणि ‘मला काही कळत नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. माझ्या यंत्रात दोन्हींसाठी एकच आकडा होता.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी हे सगळं लेखी दिलं. पुढच्या आवृत्तीत आकडा खूप वेळ अगदी स्थिर राहिला किंवा ठरावीक हद्दीखाली गेला तर यंत्र शून्य न दाखवता दोष दाखवतं. सेन्सरला अधूनमधून विजेचा बारीक धक्का देऊन तो जागा आहे का तेही पाहतं. तरीही मी आज तुम्हाला सांगते, एवढ्यावर भरवसा ठेवू नका. वरच्या पडद्यावर चिखल बसला असेल तर सेन्सर जिवंत असूनही वायू आत जातच नाही. ते सॉफ्टवेअरला कळत नाही. ते फक्त खरा वायू दाखवूनच कळतं. आमच्या धंद्यात त्याला बम्प टेस्ट म्हणतात. दादाला तो शब्द माहीत नव्हता. त्याला गोष्ट माहीत होती.

आता, समितीने यंत्र घ्यायचं ठरवलं तर काय काय पाळायचं, ते मुद्द्याने सांगते. स्मरणिकेत छापून येईल, म्हणजे घरी वाचता येईल.

पहिलं, यंत्र ठेवायची जागा. घरात, सावलीत, माणूस आरामात बसू शकेल अशा खोलीत. कोठ्यात, गाडीच्या डिकीत, टिनाखाली, चुलीजवळ नाही. सॅनिटायझर, स्पिरिट, पेंट, फवारणीची औषधं यांच्याजवळ नाही. अल्कोहोलच्या वाफेने कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर खोटा आकडा दाखवतो. इन्व्हर्टरजवळही नाही, कारण बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि तोही याला फसवतो. पेट घेणाऱ्या वायूचा जो सेन्सर असतो, त्यात बहुधा आम्ल नसतं, पण सिलिकॉनच्या स्प्रेने किंवा पॉलिशने तो गुपचूप मरतो आणि मेल्यावर तोही शून्यच दाखवतो.

दुसरं, तारीख. यंत्राच्या पाठीवर जाड अक्षरात सेन्सर बसवल्याची आणि बदलायची तारीख लिहा. बहुतेक सेन्सर दोन-तीन वर्षं टिकतात. वापरलं नाही म्हणून आयुष्य वाढत नाही. कंपनी सांगेल तेव्हा कॅलिब्रेशन करून घ्या, आणि प्रत्येक वापराआधी बम्प टेस्ट, त्यासाठी मिळणाऱ्या वायूच्या छोट्या सिलिंडरने. अगरबत्तीने ‘मेलेलं आहे’ हे कळू शकतं, पण ‘नीट आहे’ हे कळत नाही. हायड्रोजन सल्फाइडच्या सेन्सरचं तर अगरबत्तीने काहीच कळत नाही.

तिसरं, उघडायचं नाही. सेन्सरच्या पायांना सोल्डरिंग आयर्न लावायची नाही, तापून डबी फुटते. पडद्याला टाचणी लावायची नाही, पुसायला स्पिरिट लावायचं नाही. शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं हल्ली स्वस्तातले जाळीच्या टोपीचे सेन्सर आणतात. ते वेगळे, त्यांच्यात आम्ल नसतं, ते तापतात. पण जुन्या यंत्रातून काढलेला गोल सेन्सर खेळायला देऊ नका. दिसायला दोन्ही सारखेच वाटतात.

चौथं, गळलंच तर. ओल दिसली, खपली दिसली, यंत्र चिकट लागलं, की ते आम्ल समजायचं. रबरी हातमोजे, चष्मा. सेन्सर जाड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. टेबलावर किंवा फरशीवर सांडलं असेल तर खाण्याचा सोडा टाका, फसफसणं थांबेपर्यंत, मग भरपूर पाण्याने पुसा. हा सोडा फरशीसाठी आहे, अंगासाठी नाही. अंगावर आलं तर फक्त पाणी, वाहतं, भरपूर. भिजलेले कपडे आणि अंगठी काढा. डोळ्यांत गेलं तर किमान पंधरा मिनिटं पापण्या उघड्या धरून पाण्याची धार, मगच दवाखाना. धार थांबवून गाडी काढू नका. हळद, तूप, टूथपेस्ट, लिंबू काहीही लावायचं नाही. समोर बसलेले आपले डॉक्टर मित्र मान हलवत आहेत, म्हणजे बरोबर सांगते आहे.

पाचवं, मेलेला सेन्सर उकिरड्यावर, विहिरीत किंवा आगीत टाकायचा नाही. ऑक्सिजनच्या सेन्सरमध्ये शिसं असू शकतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्याप्रमाणे तो नोंदणीकृत रिसायकलरकडे किंवा यंत्र विकणाऱ्याकडेच परत जायला हवा. खरेदी करतानाच त्याच्याकडून ते लिहून घ्या.

आणि सहावं, सगळ्यात महत्त्वाचं. यंत्र हातात आहे म्हणून सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँक संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाकडून साफ करून घेणं गुन्हा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण तीस लाखांनी कुणाचा बाप परत येत नाही. टँकसाठी गाडी बोलवा. विहिरीत उतरायचंच असेल तर आधी हवा खेळवा, यंत्र तळापर्यंत सोडा, कमरेला दोर बांधा, वर दोर धरणारी माणसं ठेवा. आणि खालचा पडला तर वरच्याने उतरायचं नाही, ओढायचं. वाकडीचा सहावा माणूस दोरामुळे वाचला, हे लक्षात ठेवा.

माझी समितीला विनंती एवढीच आहे. यंत्र जरूर घ्या. पण पहिल्या वर्षीचे पैसे देऊन, फोटो काढून, हार घालून मोकळे होऊ नका. दर दोन वर्षांनी सेन्सर बदलायचा आणि दर सहा महिन्यांनी तपासणीचा खर्च वर्गणीतून बाजूला ठेवा. तो ठेवता येत नसेल तर यंत्र घेऊ नका, चांगला दोर आणि ब्लोअर घ्या. न तपासलेल्या यंत्रापेक्षा यंत्र नसलेलं बरं, कारण यंत्र नसेल तर माणूस निदान घाबरून राहतो. त्या निधीत पहिल्या सेन्सरचे पैसे माझे. यंत्राची देखरेख कुणाकडे द्यायची, त्यासाठी मी माझ्या दादाचं नाव सुचवते. तो आपल्या शाळेचाच माजी विद्यार्थी आहे, फक्त त्याच्या बॅचचा मेळावा कधी झाला नाही.

शेवटी बाईंना एक सांगायचं आहे. बाई, माझा भाचा आता बारावीत आहे, विज्ञान शाखेत. त्या दिवशी हात धुताना तो रडत होता, पण त्याने नंतर मला फोनवर विचारलं, ‘आत्या, आम्लात पाणी टाकायचं नसते ना, मग बाबांनी माझ्या हातावर पाणी का ओतलं?’ मी त्याला सांगितलं, थेंबभर आम्लावर बादलीभर पाणी ओतणं म्हणजे पाण्यात आम्ल टाकल्यासारखंच. उष्णता पाण्याबरोबर वाहून जाते. अर्धी वाटी पाणी घेऊन चोळत बसला असतास तर भाजलं असतं. हे उत्तर मी गूगलवर पाहिलं नाही. ते तुम्ही आठवीत दिलं होतं. दहा वेळा लिहायला लावलं त्याबद्दल तेव्हा राग आला होता. आज सगळ्यांसमोर आभार मानते.